बस कधी येणार, हे फोनला कोण सांगतं?

परवा बसथांब्यावर एका काकांनी शेजारच्या मुलीला हाच प्रश्न विचारला.

उत्तर सुरू होतं अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये. तिथल्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेतल्या बिबियाना मॅकह्यू यांना एक गोष्ट खटकायची: मोटारीचा रस्ता इंटरनेटवर चुटकीसरशी सापडतो, बसचा नाही. त्यांनी गूगलला आपलं वेळापत्रक देऊ केलं. डिसेंबर २००५मध्ये गूगलवर बसचा मार्ग शोधण्याची सेवा सुरू झाली आणि त्यातूनच जीटीएफएस हा वेळापत्रकाची माहिती मांडण्याचा नमुना घडला. थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा यांच्या साध्या मजकुराच्या फाइली, एका झिपमध्ये बांधलेल्या. बस्स! एक्सेल येणाऱ्या कारकुनालाही जमावं इतकं सोपं, आणि खरी हुशारी तिथेच.

पुढे लंडनच्या टीएफएल या वाहतूक संस्थेनेही आपली माहिती फुकट खुली केली. सिटीमॅपर या प्रवासाच्या ॲपसारखे धंदे त्यावर उभे राहिले. या माहितीचा वार्षिक फायदा १३ कोटी पौंडांपर्यंत जातो, असा डेलॉइट या सल्लागार कंपनीचा २०१७चा अंदाज.

दिल्लीनेही २०१८मध्ये बसची थेट माहिती खुली केली.

अर्थात, कागदावरचं वेळापत्रक रस्त्यावर पाळलं जात नसेल, तर ॲप बिचारं काय करणार?

जीटीएफएसच्या फाइली आतून कशा दिसतात, हे कुणाला पाहायचं असेल तर जरूर विचारा.