तिसरं इंजेक्शन चुकवू नका
(लेखमाला ‘पिल्लू घरी आलं’ : भाग ४)

खाण्यापिण्याचं मागच्या भागात झालं. आता लसीकरण. ‘एकदा टोचलंय ना, मग पुन्हा पुन्हा कशाला?’ हा प्रश्न प्राण्यांच्या दवाखान्यात रोज कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर आईच्या चिकात आहे.

जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात कुत्र्याचं पिल्लू जो चीक पितं, त्यातून आईची तयार प्रतिपिंडं त्याच्या रक्तात उतरतात. काही आठवडे ती रोगांना रोखतात, पण लसीलाही रोखतात. लसीतला कमजोर केलेला विषाणू पिल्लाचं शरीर ओळखायला शिकेल, त्याआधीच ही प्रतिपिंडं त्याला निकामी करतात. आईची ही देणगी एखाद्याच्या अंगात सहा-सात आठवड्यांत सरते, तर त्याच वेतातल्या दुसऱ्याच्या अंगात तीन महिन्यांनंतरही उरते. नेमकी कधी सरेल, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देतात आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, वयाचे सोळा आठवडे होईपर्यंत ती देत राहतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर.

अडचणीचा काळ मधला. आईची प्रतिपिंडं रोग थोपवायला अपुरी पडतात, तरी लसीला मात्र अजून आडवी येतात. पार्व्हो गाठतो तो याच काळात. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याचं अस्तरच खरवडून काढतो. पिल्लू मलूल होतं, खाणं सोडतं, उलट्या होतात, मग रक्ताचे, घाण वासाचे जुलाब. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. हिरडीवर बोट दाबून सोडा : पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. वेळ लागला किंवा हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या, तर पिल्लाची तब्येत नाजूक आहे.

पार्व्हो मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. जागा आधी धुऊन घ्या, मग एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून ते दहा मिनिटं राहू द्या. बाहेरच्या चपला दाराबाहेरच ठेवा. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बागेत, रस्त्यावर खाली सोडू नका. कडेवर घेऊन जग दाखवायला हरकत नाही.

जंतांचं औषध मात्र लसीच्याही आधी, दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू होतं, कारण गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात शिरतात. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा अंदाजाने पाजू नका. आणखी एक : पिल्लाचं तापमान मुळातच 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देणं जिवावर बेतू शकतं.

पिल्लू विकत किंवा दत्तक घेताना ‘सगळ्या लसी झाल्यात’ असं कुणी सांगितलं, तर पुस्तिका मागा. लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही पाहा आणि त्या तारखेला पिल्लाचं वय किती होतं ते मोजा. शेवटची लस सोळा आठवड्यांच्या आत संपली असेल, तर अजून एक बाकी आहे असं समजून डॉक्टरांना विचारा.

(पुढील भागात : गोचीड आणि पावसाळा)