ऑपरेटरचा हात

खडी क्रशरवर चहाच्या सुट्टीत हे दृश्य हमखास दिसतं. ऑपरेटर पोकलेनचं बाजूचं दार उघडतो, एअर फिल्टर काढतो, चेनच्या पट्ट्यावर चार वेळा आपटतो, कॉम्प्रेसरच्या पाइपने जोरात हवा मारतो आणि परत बसवतो. धुळीचा लोट उडतो. मालकाला बरं वाटतं, पोरगा मशीन जपतोय. खरंच जपतोय. हेल्पर असताना उस्तादाने शिकवलं तेच तो मनापासून करतो, आणि नेमकं त्यानेच इंजिन झिजतं.

एक लिटर डिझेल जाळायला किमान १०,००० लिटर हवा लागते. ती सगळी त्या घड्या घातलेल्या कागदातून जाते. फिल्टर आपटला की त्याची कड वाकते आणि सील नीट बसत नाही. जोराच्या हवेने कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. आपल्या काळ्या पाषाणाची धूळ लायनरच्या बिडापेक्षा कठीण असते. ती थोडीथोडी आत जात राहिली तरी पिस्टनच्या रिंगा घासून जातात आणि मशीन ऑइल प्यायला लागतं. थोडी धूळ धरलेला फिल्टर तर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो. म्हणून तो रोज उघडायचाच नाही. इंडिकेटर लाल झाला की बदलायचा. आतला लहान सेफ्टी फिल्टर साफ करण्यासाठी नसतोच.

दुसरा समज मालकांचा आहे आणि तो जास्त महाग पडतो. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कूलंट कशाला, पाणी टाक.’ पाणी गोठू न देणं हे कूलंटचं फक्त एक काम. बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळतं. प्रत्येक स्फोटाला पिस्टन लायनरच्या भिंतीवर दाबला जातो आणि भिंत थरथरते. त्या थरथरीने पाण्यात बारीक बुडबुडे होतात, क्षणात फुटतात आणि फुटताना बिडाचा कण उचलून नेतात. असंच चालू राहिलं की लायनर बाहेरून वाळवीने खाल्ल्यासारखा दिसतो. एक छिद्र आरपार गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिन खोलावं लागतं. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरून हे रोखतात. त्यात पाणी बोअरचं असेल तर क्षाराने रेडिएटरच्या नळ्याही बुजतात.

ऑइल काळं दिसलं की खराब झालं, असंही अनेकजण मानतात. डिझेल इंजिनात काजळी होणारच आणि ती धरून ठेवणं हेच चांगल्या ऑइलचं काम, त्यामुळे ते लवकर काळं होतं. बदलायचं ते मीटरवरच्या तासांवर, मशीनच्या पुस्तकात २५० लिहिले असतील तर २५० आणि ५०० असतील तर ५००. डिपस्टिकवर दुधाच्या चहाचा रंग दिसला तर मात्र मशीन जागेवर बंद करा; आत पाणी गेलंय.

इंजिन बंद करण्याबाबत दोन उलट समज आहेत. कोणी भर लोडवरून थेट चावी फिरवतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत ऑइलवर तरंगत असतो. ते ऑइल थांबतं, धग तशीच राहते आणि उरलेलं ऑइल जळून कोळसा होतो. तीन ते पाच मिनिटं स्लोवर चालू द्यावं, तेवढं पुरतं. दुसरा जेवणाचा तासभर मशीन चालूच ठेवतो. थंड सिलिंडरमध्ये डिझेल अर्धवट जळतं, कार्बन साचतो आणि मीटरवर फुकटचे तास चढतात.

एवढं सगळं मशीनचं झालं. शेवटचा समज माणसाच्या जिवावरचा आहे: होसची गळती हात फिरवून शोधणं. हायड्रॉलिकचा दाब ३०० बारच्या वर जातो. होसला सुईएवढं भोक असलं तरी त्यातली धार हातमोज्यातून कातडीखाली ऑइल घुसवते. जखम काटा टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आतलं मांस मात्र मरत असतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. अशा वेळी मलमपट्टीत वेळ न घालवता थेट सर्जनकडे जायचं आणि ‘हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा चालतो. तपासणी इंजिन बंद करून, बकेट जमिनीला टेकवून, दाब सोडून होत असेल तर तोही हातात धरायची गरज नाही.