दुर्गम शाळेतील शिक्षक आणि त्याचे मनःस्वास्थ्य

शाळेच्या छपराचे एखादे कौल सरकले, तर पहिल्या पावसातच ते सर्वांच्या दृष्टीस पडते. वर्गात पाणी ठिबकू लागते, ग्रामस्थ जमतात आणि चार दिवसांत डागडुजी होते. शिक्षकाच्या मनाची स्थिती मात्र अशी उघड दिसत नाही. हजेरीपत्रक पूर्ण असते, फळ्यावर दिनांक लिहिलेला असतो, टाचणवहीही भरलेली असते. परंतु त्या सर्वांमागील उमेद केव्हा आटली, हे पुष्कळदा त्या शिक्षकाच्याही ध्यानी येत नाही. म्हणून या विषयाचा विचार इमारतीच्या डागडुजीइतक्याच सहजतेने आणि वेळीच होणे आवश्यक आहे.

भोर-वेल्ह्यातील परिस्थिती

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचे डोंगरी तालुके होत. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे. राजगड, तोरणा, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्या परिसरातील खेडी सह्याद्रीच्या सोंडांवर व खोऱ्यांत विखुरलेली आहेत. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी या धरणांचे फुगवटे दऱ्यांत दूरवर शिरले असल्यामुळे समोर दिसणाऱ्या गावी जाण्यासही मोठा वळसा पडतो. पावसाळ्यात ओढे भरतात, दरडी कोसळतात, वीज जाते. गावातील कर्ती माणसे पुण्या-मुंबईस कामाला असतात. उरलेली भातलावणीत गुंतलेली असतात.

अशा वाड्यावस्त्यांवर थोड्या पटाच्या, एक वा दोन शिक्षकी शाळा आहेत. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्यांसाठी शाळांची सर्वसाधारण व अवघड अशी क्षेत्रे ठरविली. अवघड क्षेत्रातील सेवा अधिक कष्टाची आहे, हे त्यात मान्य झाले. तथापि हा अवघडपणा केवळ चढाचा व चिखलाचा नसतो. दिवसभर आपल्या बरोबरीच्या माणसाशी चार शब्द बोलावयास न मिळणे, हाही त्याचाच एक भाग आहे. वर्गात काय जमले आणि काय फसले, हे सांगावयास कोणी नसले म्हणजे जमलेल्याचा आनंद टिकत नाही आणि फसलेल्याचे ओझे मात्र वाढत जाते.

ताण कसा साचतो

ताण ही मुळात निसर्गाने दिलेली संरक्षक व्यवस्था आहे. संकट समोर येताच ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल यांसारखे स्राव रक्तात मिसळतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात आणि माणूस पळण्यास किंवा झुंजण्यास सिद्ध होतो. संकट टळले की शरीर पूर्वस्थितीवर येते. भरल्या ओढ्याच्या काठी उभ्या असलेल्या शिक्षकास ही व्यवस्था उपकारकच ठरते.

परंतु संकट जेव्हा ओढ्यासारखे येऊन ओसरणारे नसते, तेव्हा हीच व्यवस्था माणसाला झिजवू लागते. सकाळी मोबाईलवर आलेली तातडीची माहिती, दुपारी पोषण आहाराचा हिशेब, सायंकाळी हुकलेली एस. टी., रात्री पुन्हा मोबाईलवर आलेले टपाल, आणि यांतच घरून आलेला मुलाच्या तापाचा निरोप! यांपैकी एकही गोष्ट भयंकर नाही. पण दिवसाला अंतच न राहिल्याने शरीर पूर्वस्थितीवर येतच नाही. झोप उडते, पित्त वाढते, डोके दुखते आणि क्षुल्लक कारणावरून मुलांवर आवाज चढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. तिची लक्षणे तीन सांगितली जातात : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा अथवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. “ही मुले शिकणारच नाहीत” असे वाक्य एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या तोंडी वारंवार येऊ लागले, तर तो मुलांचा दोष नसून त्याच्या थकव्याची खूण असण्याचा संभव अधिक.

शीण आणि आजार

शीण आणि आजार यांतील भेद जाणणे अगत्याचे आहे. शीण रविवारच्या विश्रांतीने, दिवाळीच्या सुट्टीने उतरतो. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकली, आवडत्या गोष्टीतही रस वाटेनासा झाला, झोप व भूक बिघडली, साध्या बेरजेतही मन ठरेना, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते. मरणाचे विचार मनात येऊ लागल्यास एक दिवसाचाही विलंब न करता साहाय्य घ्यावयास हवे.

नैराश्य म्हणजे आळस नव्हे, किंवा मनाचा दुबळेपणाही नव्हे. रक्तदाब वाढलेल्या मनुष्यास “मन घट्ट कर” असे कोणी सांगत नाही. मग नैराश्याने ग्रासलेल्यास तरी ते का सांगावे? या आजारावर समुपदेशन आणि औषधे असे दोन्ही उपाय आहेत. औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत फरक नाही असे पाहून ती सोडू नयेत, आणि बरे वाटू लागताच आपल्या मताने बंदही करू नयेत. दारूने झोप लागल्यासारखी वाटली तरी तिने झोपेची प्रत बिघडते व उदासी अधिकच गडद होते.

घराचा आधार

पुष्कळ शिक्षकांचे बिऱ्हाड तालुक्याच्या गावी किंवा पुण्यास असते. कोणी रोज ये-जा करतो, कोणी शनिवारी घरी जातो. शिक्षिकेच्या वाट्यास तर पहाटेचा स्वयंपाक, प्रवास, शाळा आणि परतल्यावर पुन्हा घरकाम असा दुहेरी भार येतो. हा भार तिचा एकटीचा नाही, हे घरातील इतरांनी मानले आणि भाजी निवडण्यापासून मुलांच्या अभ्यासापर्यंतची कामे वाटून घेतली, तर ते कोणत्याही उपदेशाहून अधिक हितकर ठरेल.

आठवड्याने घरी आलेला माणूस गप्प बसला, तर त्याचा अर्थ नाराजी असा तत्काळ करू नये. “शाळेत काय झाले?” या प्रश्नाने तो अधिकच मिटेल, “आधी चहा घे, मग बोलू,” एवढे म्हटल्याने कदाचित आपणहून बोलेल. ऐकताना उपाय सुचविण्याची घाई करू नये. दुःख नीट ऐकून घेतले गेले, एवढ्यानेही त्याचे वजन उणे होते. शिक्षकानेही शाळेचे दप्तर घरी उघडण्यास काही मर्यादा घालावी. जेवणाच्या वेळी मोबाईल दूर ठेवावा आणि झोपेची वेळ शक्यतो मोडू नये.

शाळा आणि केंद्र

कामामुळे आलेला ताण केवळ व्यक्तीच्या संयमाने दूर होत नाही. कामाची रचनाही सुधारावी लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांस शिक्षकाची नेमणूक करता येत नाही. या मर्यादेमागील हेतू मुलांच्या हिताचा आहे, आणि शिक्षकाच्या मनाची स्वस्थता हा त्या हिताचाच एक अंश आहे.

मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांच्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. एकच माहिती पुनःपुन्हा मागवू नये. मागविताना पुरेसा अवधी द्यावा. रात्रीचे संदेश सकाळवर ठेवावेत. चूक एकांतात सांगावी, गुण चारचौघांत सांगावा. शेरेपुस्तकात प्रथम जे चांगले दिसले ते लिहावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास असा असावा की, ज्यात माहिती मागितली जाणार नाही. शिक्षक एकमेकांना आपल्या अडचणी सांगतील. एखादा सहकारी परिषदेत मागे बसू लागला, डबा एकटाच खाऊ लागला, वरचेवर रजा घेऊ लागला, तर त्याची चेष्टा करण्याऐवजी कोणी तरी म्हणावे, “गुरुजी, आज माझ्याबरोबर चला, वाटेत बोलू.” या एका वाक्याने पुष्कळदा मोठी आपत्ती टळते.

साहाय्य व कायद्याचे संरक्षण

पुणे भागात ‘येरवडा’ या शब्दाचा वापर थट्टेने केला जातो. तेथील मनोरुग्णालयाच्या नावाची ही थट्टा अनेकांना उपचारांपासून दूर ठेवते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक आजार असल्याचे आढळले. त्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. अर्थात, हे दुःख थोड्यांचे नाही व लाजेचेही नाही.

केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते व मराठीतून बोलता येते. वाडीवर मोबाईलची रेंज नसल्यास ज्या टेकाडावर ती मिळते तेथे जाऊन, शक्य तर सोबत कोणास घेऊन, बोलावे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार उपचार मिळण्याचा आणि आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क रुग्णास आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपवितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास त्या कारणाने कमी करण्यास वा पदावनत करण्यास मनाई केली आहे; मानसिक आजाराने येणारे दिव्यांगत्वही त्यात समाविष्ट आहे. म्हणून “सांगितले तर नोकरीचे काय होईल?” या भीतीने गप्प बसू नये.

सारांश, शिक्षकाचे मनःस्वास्थ्य ही त्याची एकट्याची खासगी बाब नव्हे. डोंगरातल्या वस्तीवरील मुलांच्या दृष्टीने बाहेरचे जग म्हणजे सकाळी चढ चढून येणारा तो एक मनुष्य असतो. तो हसऱ्या चेहऱ्याने दारात उभा राहिला, तर मुलांना शाळेची ओढ लागते. तो हसरा चेहरा टिकविण्याची जबाबदारी घर, केंद्र आणि गाव या सर्वांनी मिळून उचलावयाची आहे.