दाढ वाचवणारी वर्दी

दाढ ठणकू लागली की घरात कुणालाच झोप लागत नाही. तरी आपण सकाळी दवाखाना गाठतो. बर्फाळ ठाण्यावरच्या किंवा पाणबुडीतल्या जवानाने कुठे जावे? उंचीवर हवेचा दाब कमी झाला की सुजलेल्या नसेच्या दातातून असह्य कळ येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या या दुखण्याचा खास अभ्यास झाला. म्हणूनच लष्करी दंतवैद्याचे मोठे काम जवान मोहिमेवर निघण्याआधीचे असते.

आपल्या देशात ही जबाबदारी आर्मी डेंटल कोअरकडे आहे. 1941 साली स्थापन झालेल्या या कोअरचे डॉक्टर तिन्ही सैन्यदलांत काम करतात.

कीड नसेपर्यंत पोहोचली तर दात उपटणे सोपे, वाचवणे अवघड. रूट कॅनलमध्ये दाढ बधिर करून बारीक फाइलींनी मुळांतल्या नळ्या साफ करतात, औषधाने धुतात, गटापर्चा भरतात आणि वर कॅप बसवतात. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी नळी लपलेली असते. ती सुटली तर काही महिन्यांनी दुखणे परत येऊ शकते. इथे डॉक्टरचा हात आणि सबुरी, दोन्हींची परीक्षा होते.

या कामाची वाट अशी आहे: बारावी सायन्स, नीट, मग इंटर्नशिपसह 5 वर्षांचे बीडीएस. पुढे नीट-एमडीएसचे गुण, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. निवड झाली की कॅप्टन म्हणून शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळते. रूट कॅनलचे तज्ज्ञ व्हायचे तर त्याच शाखेतले 3 वर्षांचे एमडीएस करावे लागते.

आपल्या घरांत एमबीबीएस हुकले की बीडीएसला नाइलाज समजतात. मुलगी असेल तर 'दवाखाना घराजवळच काढ' असेही सांगितले जाते. आम्हाला हे दोन्ही पटत नाही. मुलींची वाट सोपी नव्हती, हे खरे. कोअरच्या एका भरतीत 30 पैकी फक्त 3 जागा स्त्रियांसाठी होत्या. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वाटणीवर नाराजी व्यक्त केली. दार कुणीतरी ठोठावले म्हणूनच हा प्रश्न न्यायालयापुढे आला.

तेव्हा अम्मी-अब्बांना आमचे एवढेच सांगणे आहे: घरात बीडीएस करणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर कोअरच्या भरतीची जाहिरात त्यांच्यासोबत बसून वाचा. अर्ज करायचा की नाही, हे मग त्यांना ठरवू द्या.