लवंग डब्यात, तेल कुलपात

मुलांनो, आमच्या चौथीतल्या एका पठ्ठ्याने परवा लिंबाच्या सरबतात लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाकले. पहिल्याच घोटाला जीभ चांगलीच पोळली. घोट थुंकून टाकला म्हणून निभावलं! वर मलाच विचारतो, ‘‘बाई, लवंग तर आपण खातोच की!’’

खातो ना. पण मसालेभातातल्या चार लवंगांमधलं सगळं तेल काढलं, तर जेमतेम एक-दोन थेंब भरेल. तेही पातेलंभर भातात विखुरलेलं. शिवाय हे तेल पाण्यात मिसळत नाही. कितीही ढवळा, सरबतात वेगळंच राहतं आणि थेट जिभेवर येतं. तुपात मात्र ते विरघळतं, म्हणून तर आई लवंग फोडणीत घालते. पण तिथेही लवंगच हं, दातदुखीची बाटली नव्हे!

निलगिरीचं तेल तर त्याहून वाईट. चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. पालकांनो, असं झालंच तर उलटी करवू नका, तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

आमच्या पठ्ठ्याच्या घरी बाटली आता कुलपात आहे. सरबतात वेलची पडते.