कर्ता व कर्म, मराठीतील

क्रियापदाने दर्शविलेली क्रिया करणारा तो कर्ता व ती क्रिया ज्यावर घडते ते कर्म, अशी परंपरागत व्याख्या आहे. ही व्याख्या अर्थावर आधारलेली आहे. प्रत्यक्ष वाक्यात मात्र कर्ता व कर्म ओळखण्याची साधने व्याकरणिक असतात : पदांचा क्रम, विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाचा पदांशी असलेला लिंग-वचन-पुरुषांचा मेळ. मराठीत ही साधने नेहमी एकाच पदाकडे निर्देश करीत नाहीत. ‘कर्ता कोणता?’ हा प्रश्न मराठीत अवघड ठरतो, तो यामुळेच.

पश्चिम आफ्रिकेत गँबिया, सेनेगल इ. देशांत बोलल्या जाणाऱ्या मांडिंका भाषेत नामाला कर्ता वा कर्म दर्शविणारा प्रत्यय लागत नाही. सकर्मक वाक्यात कर्ता, सहायक शब्द, कर्म व क्रियापद असा क्रम ठरलेला असतो. कर्ता व कर्म यांची अदलाबदल केल्यास अर्थ उलटतो. मराठीत ‘मुंगसाने साप मारला’ व ‘साप मुंगसाने मारला’ या वाक्यांचा अर्थ मूलतः एकच राहतो, कारण ‘ने’ हा प्रत्यय कर्ता दाखवितो.

‘शेतकरी हळद विकतो’ या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. हा कर्तरी प्रयोग होय. ‘शेतकऱ्याने हळद विकली’, ‘शेतकऱ्याने कापूस विकला’ यांत ते कर्माप्रमाणे बदलते. हा कर्मणी प्रयोग. कर्म सजीव वा निश्चित असल्यास त्याला बहुधा ‘ला’ लागतो. अशा वेळी ‘शेतकऱ्याने बैलाला बांधले’ याप्रमाणे क्रियापद कर्ता व कर्म दोहोंपासून स्वतंत्र राहून नपुंसकलिंगी एकवचनात येते. हा भावे प्रयोग. ‘तू भाकरी खाल्लीस’ येथे ‘खाल्ली’ हे रूप कर्माप्रमाणे, तर अखेरचा ‘स्’ कर्त्याप्रमाणे आला आहे. यास कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. बोलणे, शिकणे, विसरणे यांसारखी काही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळी कर्तरीत राहतात. उदा., ‘ती धडा शिकली’.

या रचनेचे मूळ संस्कृतातील ‘तेन कृतम्’ अशा कर्मणी भूतकालवाचक धातुसाधितात आहे. आज ‘मी’, ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. जुन्या मराठीत मात्र ‘म्यां’, ‘त्वां’ ही तृतीयेची वेगळी रूपे होती. संत नामदेवांच्या (१२७०–१३५०) काळातील मराठीत ती प्रचारात होती. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हे गाव हिंगोली जिल्ह्यात आहे.

१९४८ पर्यंत निजामी अंमलाखाली असलेल्या या प्रदेशात मराठीच्या शेजारी दख्खनी उर्दूही नांदत आली आहे. प्रमाण हिंदी-उर्दूत ‘मैंने रोटी खायी’ असे म्हणतात. दख्खनीत ‘ने’ बहुधा गळतो आणि पुरुष ‘मैं रोटी खाया’ असे म्हणतो. म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. मराठी भाषक, स्त्री असो वा पुरुष, ‘मी भाकरी खाल्ली’ असेच म्हणतो. एकाच बाजारपेठेत वावरणाऱ्या या दोन भाषांनी एकाच प्रकारच्या वाक्यात क्रियापदाचा मेळ दोन निरनिराळ्या पदांशी राखला आहे.

‘मुलाला आपले गाव आवडते’ या वाक्यात क्रियापदाचा मेळ ‘गाव’ या पदाशी आहे. ‘आपले’ हे सर्वनाम मात्र ‘मुलाला’ याचा निर्देश करते. ‘शेतकऱ्याने आपली हळद विकली’ येथेही क्रियापद हळदीचे अनुसरण करते व ‘आपली’ हे पद शेतकऱ्याचे. मराठीतील कर्तृत्व असे एकाच पदात एकवटलेले नसून वेगवेगळ्या गुणधर्मांत विभागलेले आहे. म्हणूनच केवळ क्रियापदाच्या रूपावरून कर्ता ठरविणे अपुरे पडते; विभक्ती, मेळ व सर्वनामाचा निर्देश यांचा एकत्रित विचार करावा लागतो.