मशीन कुठल्या गावचं?

घर बांधायला काढलं की सळई कुठली, सिमेंट कुठलं, याची चौकशी आपण चार ठिकाणी करतो. सुतार, फॅब्रिकेशनवाले, प्लंबर ही मंडळी ड्रिल मशीन किंवा ग्राइंडर घेताना तशीच चौकशी करतात. बेळगावातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दहा मिनिटं उभे राहा, प्रश्न कानावर पडतोच. "अण्णा, हे चायनाचं नव्हे ना?" शेजारचं गिऱ्हाईक तेच कन्नडमधून विचारतं, "इदु चायनाद्दु एनु?" दुकानदार दोघांनाही एकच उत्तर देतो, "जर्मन कंपनी आहे हो!"

हे उत्तर खोटं नसतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरही नसतं. कंपनी जर्मन असणं वेगळं आणि मशीन जर्मनीत बनणं वेगळं. बॉश म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लोकांची 'मायको'. बेंगळूरला १९५१ साली सुरू झालेल्या त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं. बॉशच्या पॉवर टूल्सचा कारभार जर्मनीत स्टुटगार्टजवळून चालतो, पण मशीनं हंगेरीत बनतात, मलेशियात पेनांगला बनतात, चीनमध्ये हांगचौला बनतात आणि आपल्या चेन्नईजवळ ओरगडमलाही बनतात. मकिता ही १९१५ साली नागोयात मोटारी दुरुस्त करण्यापासून सुरू झालेली जपानी कंपनी. तिचे कारखाने चीनमध्ये आहेत, रुमानियातही आहेत. मिलवॉकी हे अमेरिकेतल्या शहराचंच नाव, पण ती कंपनी २००५ पासून हाँगकाँगच्या टीटीआयच्या मालकीची आहे. सुतारांच्या आवडीचं हिरवं हिताची मशीन २०१८ मध्ये 'हायकोकी' झालं, तेव्हा कित्येकांना ते डुप्लिकेटच वाटलं! कंपनी तीच, मालक बदलला म्हणून नाव बदललं.

मग खोक्यावर काय वाचायचं? कायद्याने आपली बाजू घेतलेली आहे. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. परदेशातून आलेल्या मालावर मूळ देशाचं नाव छापणं १ जानेवारी २०१८ पासून सक्तीचं आहे. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही २०२० च्या नियमांनी ते बंधन घातलं. तेव्हा ब्रँडच्या मोठ्या अक्षरांवर न थांबता खोकं फिरवून बारीक अक्षरं वाचावीत. चष्मा घरी राहिला असेल तर बरोबरच्या मुलाला वाचायला सांगावं. 'मार्केटेड बाय' म्हणजे विकणारा, बनवणारा नव्हे. हा फरक कळला तरी अर्धं काम झालं.

आता दुसरा, जास्त अवघड प्रश्न. देशाचं नाव कळलं, पुढे काय?

इथे थोडा इतिहास पाहण्यासारखा आहे. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का जर्मनांनी अभिमानाने मारलेला नव्हता. १८८७ साली ब्रिटिशांनी कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं, ते आपल्या लोकांनी हलका जर्मन माल ओळखावा आणि टाळावा म्हणून! पुढे जर्मन माल इतका सुधारला की तोच शिक्का पाहून लोक जास्त पैसे मोजू लागले. जपानचंही तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच वर्षं जपानी माल म्हणजे स्वस्त आणि कचकड्याचा, अशी जगभर समजूत होती. आज जपानी मशीन म्हटल्यावर सुतार हात पुढे करतो. म्हणजे शिक्क्याचा अर्थ एका पिढीत उलटा होऊ शकतो. चीनचा अर्थही आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आहे, पण आपल्या तोंडातला 'चायना माल' अजून पंचवीस वर्षांपूर्वीचाच आहे.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी भीती होती, असं सांगतात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. गावात बनलेली वस्तू म्हणून कोणी उचलून धरली नाही. पुढे त्याच नांगराने कंपनी उभी केली, पण तोवर बेळगावातून हलून किर्लोस्करवाडी वसवावी लागली होती. ते साल १९१०. बेळगावकरांना ही गोष्ट ऐकताना अजून थोडं टोचतं, आणि टोचायलाच हवं.

बरं, चीनमधला माल चांगला की वाईट? एकाच कारखान्यातून दोन्ही निघतात, हे खरं उत्तर. कारखान्याला जे मापदंड द्याल आणि ज्याचे पैसे मोजाल, ते तो बनवतो. बाहेरून दोन ग्राइंडर जुळ्या भावांसारखे दिसतात. उघडले की फरक दिसतो. एकाच्या आर्मेचरला आणि फील्डला तांब्याची तार, दुसऱ्याला अॅल्युमिनियमची. एकात चांगले बॉल बेअरिंग, दुसऱ्यात नुसता बुश. गिअरचे दाते नीट कडक केलेले की नाही, वाइंडिंगवर वार्निश पुरेसं बसलंय की नाही, हे तर उघडूनही साध्या डोळ्यांना कळत नाही. ते कळतं एप्रिल-मे महिन्यात, सलग तास-दोन तास मशीन चालल्यावर, जळका वास यायला लागला की. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यानेही फार हुरळून जाऊ नये. तो बहुतेक वेळा मशीन किती वीज ओढतं ते सांगतो. त्यातली किती कामाला लागते आणि किती नुसती तापण्यात जाते, ते सांगत नाही. बॅटरीच्या मशीनांवर '२० व्होल्ट मॅक्स' दिसलं तर तेही १८ व्होल्टच समजा. पूर्ण चार्ज झालेल्या पाच सेलची ती वरची बेरीज आहे, इतकंच.

घरात पडद्याचा रॉड, देवघराची फळी, गणपतीच्या आराशीची चौकट एवढ्यासाठी ड्रिल हवं असेल, तर ते वर्षातून फार तर तासभर चालतं. त्यासाठी देशाची चिंता करू नये. डबल इन्सुलेशनची खूण, म्हणजे चौकोनात चौकोन, पाहावी, पक्कं बिल घ्यावं आणि यावं. हौसेपोटी महागडं मशीन आणून माळ्यावर ठेवणारी घरं मला ठाऊक आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

ज्याचं पोट मशीनवर आहे त्याचं गणित निराळं. त्याचं मशीन चार दिवस बंद म्हणजे चार दिवसांची रोजी गेली. वर ठेकेदार दुसरा माणूस बघतो ते वेगळंच. त्यामुळे खानापूरच्या सुताराने किंवा उद्यमबागेतल्या ग्राइंडिंगवाल्याने दुकानात विचारायचा प्रश्न 'कुठल्या देशाचं' हा नव्हे. याचं कार्बन कुठे मिळतं? आर्मेचर इथे मिळतं की बेंगळूरहून मागवावं लागतं? स्विच, चक, गिअर सुटे मिळतात का? सर्व्हिस सेंटर गावात आहे का? कार्बन ही काही रुपयांची वस्तू, पण तिच्यावाचून हजारो रुपयांचं मशीन गप्प बसतं. वाइंडिंगवाल्याकडे टाकलं तर तो जळालेलं आर्मेचर पुन्हा भरून देतो. आपल्याकडे हात असलेले कारागीर आहेतही. मात्र ज्या मशीनचे भाग कुणाशीच जुळत नाहीत, त्याच्यापुढे तोही हात टेकतो. ऑनलाइन दिसणारी अनोळखी नावाची मशीनं इथेच मार खातात. पुढच्या वर्षी ते नावच बाजारात नसतं, तर भाग कुठून यायचे?

सगळ्यात जास्त काळजी मात्र मशीनच्या तोंडाशी लावायच्या डिस्कची करायला हवी, आणि नेमकी तिचीच चौकशी कोणी करत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेतो. चांगल्या चार इंची डिस्कवर सेकंदाला ८० मीटर, म्हणजे सुमारे १५,३०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. मधल्या लोखंडी कड्यावर मुदत संपण्याचा महिना आणि वर्षही असतं. ज्या डिस्कवर यातलं काहीच नाही ती कुठल्याही देशाची असो, घेऊ नये. आणि गार्ड काढून पाच इंची डिस्क, नाहीतर लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणं, हे तर आपल्या भागात सर्रास चालतं. पाच इंचीची मर्यादा बारा हजारांच्या आसपास येते, मशीन अकरा हजारांवर फिरतंय. मध्ये उरलं किती ते पाहा. दातेरी पातं अडकलं की मशीन हातातून उसळतं, आणि समोर माणसाचा हात, मान किंवा चेहरा असतो. घरच्या बायकामंडळींनीच यावर बोलावं, असं मला वाटतं. गार्ड काढलेलं मशीन घरात दिसलं तर जेवण वाढण्याआधी ते बसवायला लावा!

मग मशीन कुठे बनतं याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो दर्जापेक्षा रोजगाराशी जास्त जोडलेला आहे. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच शिरोळ तालुका आहे. तिथे १९७६ साली स्थापन झालेली कुलकर्णी पॉवर टूल्स आज केपीटी या नावाने ड्रिल, ग्राइंडर, ब्लोअर बनवते. दुकानात तिचं खोकं जर्मन-जपानी खोक्यांच्या शेजारीच असतं. निपाणी-चिकोडीच्या किती जणांना ते शेजारच्या तालुक्यातलं आहे हे माहीत असेल? बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडे फाउंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, आयटीआय झालेली पोरं आहेत. तरीही नीती आयोगाच्या २०२५ च्या अहवालातले आकडे पाहिले की गप्प व्हायला होतं. पॉवर टूल्सच्या जागतिक व्यापारात चीनची निर्यात सुमारे २२ अब्ज डॉलरची, आपली ४७ कोटी डॉलरची. म्हणजे शंभरात एकही नाही. आपल्याकडे हाच माल बनवायला १४ ते १७ टक्के जास्त खर्च येतो, असं तोच अहवाल सांगतो. स्टील, प्लॅस्टिक, मोटारी महाग पडतात हे त्यामागचं एक कारण.

हा खर्चाचा फरक गिऱ्हाइकाने देशप्रेमाखातर भरून काढावा, असं सुताराला सांगण्याचा मला हक्क नाही. पण किंमत जवळपास सारखी असेल आणि कार्बन, आर्मेचर गावातच मिळत असेल, तर शेजारच्या तालुक्यातलं मशीन हातात घेऊन, एकदा चालवून बघायला काय हरकत आहे? दुकानदार लावून दाखवतो. चक डुगडुगतो का, गिअर खरखरतो का, दोन मिनिटांनी बॉडी किती तापते, हे तिथेच कळतं. बिलावर मशीनचा सिरियल नंबर घालून घ्यायला तेवढं विसरू नका. त्या नंबराशिवाय वॉरंटीचा दावा अडू शकतो.